बाबांना उचलण्याची तालीम

बाबांना अर्धांगवायू झाला आणि फ्रीगंजातला आमचा दुसरा मजला फारच उंच झाला. लिफ्ट नाही. बाबांचं मागणं एकच, एकदा नदीवर, रामघाटावर नेऊन बसवा. पहिल्या खेपेला दादानं आणि मी दोघांनी मिळून उचललं, तर तिसऱ्याच पायरीवर माझ्या कमरेत उसण भरली. शेजाऱ्यांनी त्यांना परत वर आणलं. "राहू दे रे," बाबा म्हणाले, "मी पडूनच बरा." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग काय, पन्नाशीच्या दोन्ही चिरंजीवांनी ताकद कमवायचं मनावर घेतलं. दादा आखाड्यात जायला लागला. तिथले उस्ताद म्हणाले, "भैया, मशीन से बदन फूलता है, बनता नहीं." दादाला वेदवाक्यच मिळालं. पहाटे दंड, बैठका, मुगदर फिरवणं, वर तूप घातलेलं दूध. मी टावर चौकाजवळच्या जिममध्ये. तिथला ट्रेनर मला अंकल म्हणायचा आणि दर आठवड्याला डंबेल्सचं वजन थोडं वाढवायचा. दादा म्हणे, लोखंडाशी कसली कुस्ती? मी म्हणे, शेकडो बैठका मारून शेवटी उचलतोस काय, स्वतःलाच ना? जेवताना रोज हीच भांडणं. आई मुकाट्यानं वाढायची. बाबा अर्धीच पोळी खाऊन हात धुवायचे. उरलेली दादा आणि मी वाटून घ्यायचो, ताकदीला लागते म्हणून.

आता निकाल लावायचा तर दोघांना सारखंच वजन हवं. ते घरात होतंच. रोज सकाळी बाबांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं, एक दिवस दादानं, एक दिवस मी. पहिल्या महिन्यात दोघंही धापा टाकत होतो. तिसऱ्या महिन्यात मी गप्पा मारत उचलायला लागलो. दादा तर एकदा त्यांना घेऊन गॅलरीपर्यंत फिरून आला, खास मला दाखवायला. दोन्ही पंथ सिद्धीला पोचले होते म्हणा ना!

शेवटी एका सोमवारी ऑटो बोलावली. वरचा जिना बाबांना घेऊन दादा उतरला, खालचा मी. कुठं थांबणं नाही, दम लागणं नाही. फाटकाशी मी म्हणालो, "बघितलंस? याला म्हणतात जिम." दादा म्हणाला, "वरचा जिना अवघड आहे, तो आखाडा उतरला." बाबा माझ्या हातांवर तसेच, आणि आमचं सुरू.

मागून आई शाल घेऊन आली. "तीन महिन्यांत यांचा सदरा दोनदा टाके घालून आत घेतला मी," ती म्हणाली. "आज परत ढिला झालाय. तुम्ही ताकद कसली मोजताय?"

दादानं शाल बाबांच्या अंगावर घातली. बाबांना मांडीवर घेऊन मी ऑटोत बसलो. रामघाट येईपर्यंत माझे पाय जरासुद्धा अवघडले नाहीत.