रांगेत बसलेले चोर

मी कॉलेजात जाईपर्यंत आमच्या घरात काच म्हणजे दोनच गोष्टी होत्या. कंदिलाची काच आणि आईच्या हातातल्या बांगड्या. कंदिलाची काच तडकलेली, त्यावर पिठाने कागद चिकटवलेला. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटायची आणि बांगड्या फुटायच्या. नवीन भरायला आर्णीच्या बाजारात जावं लागे, आणि ते वर्षातून दोनदाच जमायचं. म्हणून आई शोभेची बांगडी मागत नसे, टिकणारी मागायची. टिकणारी बांगडी आर्णीत एकाच दुकानात मिळायची, हमीदा चाचीकडे.

चाचीचा कोणावरही विश्वास नव्हता. व्यापाऱ्यावर नाही, गिऱ्हाइकावर नाही, स्वतःच्या तराजूसारख्या डोळ्यांवरही पुरता नाही. फिरोजाबादचा नवा डबा आला की ती एकेक बांगडी दारातल्या उन्हात धरून फिरवायची. आतून बोट फिरवून जोड शोधायची. मग बांगड्यांचा झुबका कानाशी नेऊन हलवायची. काचेत बुडबुडा दिसला की ती बांगडी बाजूला. बुडबुड्याला ती चोर म्हणायची.

"अठी चोर लपला हाये," ती आईला दाखवायची. "दिसाले सुंदर दिसते, पन भांडे घासता घासता फुटंल न् हात कापंल तुहा."

आईने एखादी बांगडी स्वतःहून पसंत केली तरी चाचीला शंका यायची. "हीच काहून? कोनी सांगतलं तुले?" आई म्हणायची, "कोनी नाई सांगतलं चाची, रंग आवडला." "रंग तर चोराचाबी चांगलाच असते," म्हणत चाची ती बांगडी पुन्हा उन्हात धरायची.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी जिथे तिथे सांगते, लोक कंटाळले तरी सांगते. पेढे घेऊन चाचीकडे गेले, तर तिने पेढ्याला हात लावला नाही. "कागद दाखव," म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. मार्कशीट तिने उन्हात धरली, उलटी करून पाहिली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "शिक्का तर खरा दिसते," असं म्हणून मग पेढा खाल्ला. माझ्या पदवीची इतकी कसून तपासणी पुढे नोकरी देणाऱ्यांनीही केली नाही.

नोकरी लागली ती यवतमाळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, कंत्राटी. दर वर्षी कागद नवा व्हायचा, म्हणून दर वर्षी जीव टांगणीला. एकदा एका दिवंगत प्राध्यापकांच्या मुलीने त्यांची पुस्तकं कॉलेजला दिली. पुस्तकांच्या खोक्यात एक काचेचं भांडं निघालं. आतून पळसाच्या फुलासारखं केशरी, वरून जाड पारदर्शक काच, आणि दोन्हींच्या मध्ये बुडबुडेच बुडबुडे. तोंड एका बाजूला कललेलं.

यादी मी करत होते. ऑफिसातले मोठे बाबू म्हणाले, "कारखान्यातला खराब माल आहे तो. 'खराब' लिहा आणि भंगारात टाका." सोमवारी भंगार उचललं जाणार होतं. मी पेन हातात घेतलं, पण लिहवेना. चाचीच्या दुकानात मीही असे बुडबुडे शेकड्याने पाहिले होते. हे तसे वाटत नव्हते. पण का वाटत नव्हते, ते सांगता येत नव्हतं. शनिवारी दुपारी मी भांडं ओढणीत गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि आर्णीची एसटी पकडली. कोणालाही विचारलं नाही. ही माझी चूक.

चाचीने आधी पिशवीतल्या भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनाचं हाये?"

"कॉलेजचं."

"कोनी देल्लं?"

"कोणी नाही. मी आणलं."

"म्हंजे चोरलं," चाची म्हणाली आणि दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं.

मी सगळं सांगितल्यावर तिने भांडं हातात घेतलं. दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरलं. हळूहळू फिरवलं. बुडबुड्यांच्या सावल्या तिच्या पांढऱ्या ओढणीवर पडल्या होत्या, बुडापासून काठापर्यंत वळत गेलेल्या, एकामागे एक.

"पयले मले वाटलं, सारे चोरच हायेत," ती हळू म्हणाली. "पन चोर असे रांगेत बसतेत का? हे चुकून नाई आले. कोनीतरी बसवले."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मोठे बाबू. "कपाटात भांडं नाही. तुम्ही नेलं का?" मी हो म्हटलं. "भंगार होतं तर नेलं कशाला? आणि भंगार असलं तरी कॉलेजचं आहे. सोमवारी अकराला प्राचार्य मॅडमसमोर या." कंत्राटाचा कागद पुढच्याच महिन्यात नवा व्हायचा होता, आणि चोर म्हणून गेलेल्या बाईला दुसरीकडे कोण ठेवतं?

चाचीने काही विचारलं नाही; फोनवरचं सगळं तिने ऐकलंच होतं. तिने भांडं परत ओढणीत बांधून दिलं.

सोमवारी अकराला मी मॅडमच्या केबिनबाहेर पोचले, तर बाकावर चाची बसलेली. ऐन बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून आलेली. "तुह्यासाठी नाई आली," म्हणाली. "थे भांडं तू वापस आनते का नाई, पाहाले आली."

आत गेल्यावर तिने आधी शिपायाकडून चहाचा काचेचा ग्लास मागवला. मॅडमचं बोट धरून ग्लासच्या बाजूवरून फिरवलं. "ही रेघ लागली? दोन साचे जुळले, तठीची हे शिवन." मग भांडं पुढे केलं. "आता याले शिवन दाखवा." शिवण नव्हती. तिने भांडं उलटं केलं. बुडाशी मधोमध खरबरीत वण होता. "भट्टीतून काढलं, सळईवरून तोडलं, त्याची हे खूण. माह्या माहेरी काचेची भट्टी होती, म्या लहानपनी पाह्यली. ही बेंबी होय. मायच्या पोटातून आलेल्या लेकराले असते."

"आणि हे बुडबुडे?" मोठ्या बाबूंनी विचारलं.

"एक थर गरम असताना टोचला, वरून दुसरा चढवला, हवा मधात कोंडली. एक बुडबुडा हुकला असता तर सारं भांडं गेलं असतं. तुम्ही मोजा, साहेब. रांग कुठी तुटली असंल तर मले सांगा."

बाबूंनी खरंच मोजायला घेतलं. मी तोवर बेंबीच्या बाजूचे ओरखडे भिंगाखाली धरले. ओरखडे नव्हते ते. टोकदार वस्तूने कोरलेली तीन अक्षरं होती. मॅडमनी प्राध्यापकांच्या मुलीला फोन लावून ती अक्षरं सांगितली. ती म्हणाली, बाबांच्या एका मित्राने घरामागे छोटी भट्टी लावली होती, तो एकटाच काम करायचा, आणि ही त्याची सही. असं दुसरं भांडं त्याने केलं नाही.

बाबूंनी मोजणं थांबवलं. चाची म्हणाली, "तोंड वाकडं राहू देल्लं त्यानं. भेत नव्हता कोनाले."

"पण नेताना सांगायला हवं होतं," मोठे बाबू म्हणाले.

"हे मात्र बरोबर बोलले," चाची म्हणाली. "म्याबी इच्यावर शक घेतलाच होता."

भांडं ग्रंथालयाच्या दारातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. खाली मी कार्ड लिहिलं: फुंकून हाताने घडवलेलं काचपात्र. ओळख पटवली, हमीदाबी, बांगड्यांचं दुकान, आर्णी. कार्ड दाखवायला चाचीला बोलावलं आणि वाचून दाखवलं. तिने ऐकलं, मान हलवली, आणि समोरून जाणाऱ्या एका मुलीला थांबवलं. "पोरी, अठी काय लिवलं हाये, वाच बरं." मुलीने अक्षरांखाली बोट फिरवत वाचलं. माझं आणि तिचं जुळलं, तेव्हा कुठे चाचीने काचेवर बोट ठेवलं, जिथे तिचं नाव होतं तिथे.

चाची मागच्या हिवाळ्यात गेली. दुकानात आता तिचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. आईच्या हातात तिने भरलेल्या शेवटच्या बांगड्या अजून आहेत, एकही फुटलेली नाही. मी अजूनही कुठल्याही कागदावर पटकन सही करत नाही. आधी उन्हात धरते.

माझं कंत्राट त्या वर्षी नवं झालं आणि पुढे मी कायम झाले. साठ्याच्या नोंदवहीत त्या भांड्यापुढे 'हाताने घडवलेलं, एकच' असं लिहिलं आहे, आणि त्याखाली माझी सही आहे.