ताराची पुसलेली कॅसेट

आपला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं सगळेच आधी लिहितात. माझी तर नोकरीच विश्वास न ठेवण्याची होती. एका मेंदू संशोधन संस्थेचं चंद्रपूरला छोटं केंद्र होतं आणि १९८५ पासून मी तिथे प्रसाराच्या कामाला होतो. जीप, भोंगा, मेंदूचं प्लास्टरचं मॉडेल घेऊन गावोगाव जायचं आणि सांगायचं – मिरगी, म्हणजे फिट येणं, ही करणी नाही, अंगात येणं नाही. मेंदूचा आजार आहे, गोळीने आटोक्यात राहतो.

घरीही तेच वातावरण. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गेले, आणि त्यांच्याबरोबर भुतंही. "भूत भेटलं त माह्याकडं पाठवजा, त्याले वाचाले पुस्तक देतो," असं वडील म्हणायचे. तरी हे लिहितो आहे.

तारा माझी धाकटी बहीण. भद्रावतीला आईवडिलांजवळ राहायची, बालवाडीत शिकवायची. तिला बाराव्या वर्षापासून मिरगी होती. त्यापायी दोन ठिकाणी जमलेलं लग्न मोडलं. तिसऱ्या वेळी तिनेच सांगितलं, आता पाहुण्यांसाठी पोहे करणार नाही.

८६ च्या मार्चमध्ये केंद्रात भोंग्यासाठी कॅसेट भरायची ठरली. स्थानिक बाईचा आवाज हवा होता. मी ताराला नेलं. सामानाच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावल्या, टेपरेकॉर्डर ठेवला. खोलीत आम्ही दोघंच. तिने मी लिहून दिलेला कागद वाचला आणि परत केला.

"दादा, 'रुग्णास कुशीवर वळवावे'... आपल्या इथी रुग्ण कोन म्हनते रे? पडलेलं पोट्टं म्हन नं."

मग कागदाशिवाय बोलली. "मिरगी म्हन्जे करनी नोहोय. मले सोताले हाये, म्हनून सांगून राह्यली. पोट्टं पडलं त चप्पल हुंगवू नोका. त्याच्या नाकापाशी का चामड्याची दुकान लावाची हाये? दातात काई घालू नोका. एका कुशीवर निजवा, बाजूले बसा, अन् भेऊ नोका."

दोन महिने ती कॅसेट भद्रावती-वरोऱ्याकडे फिरली. चामड्याच्या दुकानाला लोक हसायचे आणि हसून झालं की गोळ्यांचं विचारायला जीपपाशी यायचे.

मे महिन्यात वरिष्ठ साहेब पाहणीला आले. त्यांनी कॅसेट ऐकली. "आवाज गोड आहे, पण भाषा अशुद्ध. संस्थेला शोभत नाही," म्हणाले. निवेदनाची सवय असलेल्या एका बाईंकडून नवा मजकूर वाचून घेतला. 'अपस्मार हा मज्जासंस्थेचा विकार असून योग्य औषधोपचाराने तो नियंत्रणात ठेवता येतो.' कोऱ्या कॅसेट संपल्या होत्या, म्हणून तो ताराच्याच कॅसेटवर भरायचा ठरला. लाल बटण मी दाबलं. बाजारातून दुसरी कॅसेट आणता आली असती. मी आणली नाही. आणतो असं म्हणालोसुद्धा नाही.

ताराने ती नवी टेप भद्रावतीच्या आठवडी बाजारात ऐकली. घरी आल्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, "चांगली बोलते रे थे बाई. पन मिरगी तिले नाई, मले हाये."

मी निवडलेली भाजी उचलून आत नेली.

जूनच्या शेवटी एका सकाळी तारा उठलीच नाही. झोपेत फिट आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. जवळ कुणी नव्हतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक गेले, आणि आई मला म्हणाली, "बाबू, तुह्या मशीनमंधी तिचा आवाज हाये नं? एकडाव लाव."

"आणतो," म्हणालो.

केंद्रात जाऊन कॅसेटच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. एकीकडे अपस्मार, दुसरीकडे नुसती खरखर. आईला सांगितलं, मशीन बिघडलं आहे. दर पंधरा दिवसांनी ती विचारायची आणि मी तेच सांगायचो. इतके दिवस कोणतं मशीन दुरुस्त होत नाही, हे तिला कळत नसेल असं नाही.

डिसेंबरात आमचं पथक भामरागडला गेलं. पथक म्हणजे मी आणि जीपचालक गजूभाऊ. गजूभाऊ अहेरीकडचे, माडिया चांगली बोलायचे. पावसाळ्यात तिकडचा रस्ता महिनोन् महिने बंद असतो. आमची जीप त्या भागात त्याआधी एकदाही गेलेली नव्हती. लॉगबुक मीच लिहायचो, म्हणून खात्रीने सांगतो. जीप अलीकडे ठेवून आम्ही डोंग्याने नदी ओलांडली. पलीकडच्या गावात मोहाच्या झाडाखाली वीस-पंचवीस माणसं जमली. दुपारची वेळ होती, स्वच्छ ऊन. मी मॉडेल मांडलं, टेप लावली. मज्जासंस्था, विकार, नियंत्रण... सगळे शांत बसून ऐकत होते, म्हणजे कुणालाही काही कळत नव्हतं.

पुढे एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. मांडीशी आठ-दहा वर्षांची मुलगी. तिने मान हलवली आणि गजूभाऊंना काहीतरी सांगितलं.

गजूभाऊ हसले. "सर, ते म्हनून राह्यली, हे बाई नोहोय. थे दुसरी लावा."

"दुसरी कोणती?"

"पावसात आली होती म्हनते. चामड्याच्या दुकानवाली."

मी टेप बंद केली.

बाईने सांगितलं ते असं. भाताची रोवणी चालू होती. मुलगी शेताच्या बांधीतल्या पाण्यात तोंडावर पडली, हातपाय झाडायला लागली. आधीही पडायची, पण पाण्यात कधी नाही. कुणी चप्पल आणायला धावलं. तेवढ्यात नदीकडून भोंग्याचा आवाज आला. बाईचा. एका कुशीवर निजवा, दातात काई घालू नोका. हिने तसं केलं. मुलीच्या तोंडातून पाणी आलं, श्वास आला. मुलगी वाचली.

मी गजूभाऊंना विचारलं, रोवणीत म्हणजे नक्की कधी? तारखा तिला माहीत नव्हत्या. पण रोवणी जुलैच्या मध्याआधी नसते, आणि ताराला जाऊन तेव्हा निदान दोन आठवडे झाले होते.

"बाजारात कुणाकडून ऐकलं असेल," मी म्हणालो.

"रोवणीत हे नदी कोन पार करन, सर? डोंगा बी नाई चालत. जीप त सोडूनच द्या."

तरी मी मनाशी म्हणालो, कॅसेट दोन महिने वाजली होती. माणसाकडून माणसाकडे शब्द जातात. कुठूनही जातात.

मग बाई थेट माझ्याशी बोलली. तिला मराठी बाजारापुरतं येत होतं, पण हे शब्द तिने अडखळत नाही, पाठ असल्यासारखे म्हटले. "मग थे बाई इचारे – दादा, बराबर झालं का? मले तहान लागली." आणि गजूभाऊंकडे वळून तिने माडियात विचारलं, तिला कुणी उत्तर का दिलं नाही?

हे वाक्य कुणी ऐकलेलं असणं शक्य नाही. सामानाच्या खोलीत बोलणं संपल्यावर तारा मला ते म्हणाली होती. टेप चालूच होती. मी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं, आणि तेवढा तुकडा त्याच दुपारी पुसला. भोंग्यावर तो कधी वाजलाच नाही. गजूभाऊ त्या दिवशी चंद्रपुरात नव्हते. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही होतं कुठे?

मी बाईला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणताना तिची मुलगी हसायला लागली. गजूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, चला. ऊन उतरून राह्यलं." मुलीसाठी गोळ्या दिल्या आणि आम्ही परतलो.

साहेबांना सांगितलं. पुढे वार्षिक अहवालात एक वाक्य आलं – 'जेथे पथक पोहोचू शकले नाही, अशा दुर्गम गावांतही संस्थेच्या ध्वनिफितीचा संदेश पोहोचल्याचे आढळले.' कोणती ध्वनिफीत, ते त्यांनी लिहिलं नाही.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्या माणसांत मी पुढे बरीच वर्षं काढली. स्मृती दगा देते, शोकात माणूस जुळवाजुळव करतो, हे मी स्वतः तक्त्यावर दाखवून लोकांना शिकवलं आहे. ते सगळं लावून पाहिलं. मुलगी का वाचली ते सांगता येतं. तिच्या आईने काय ऐकलं ते नाही.

त्या महिन्यात घरी गेल्यावर आईला मी खरं सांगितलं. कॅसेटचं, लाल बटणाचं आणि नदीपलीकडचंही. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "त्या बाईनं म्हटलं तसं म्हनून दाखव बरं. तारा कशी म्हने?"

मी तोंड उघडलं. शब्द सगळे होते. कानात आवाज मात्र त्या बाईचा होता – माडिया वळणाचा, बाजारापुरत्या मराठीचा. तीनदा म्हणायला लावलं होतं नं मी. त्याच्या मागे ताराचा शोधत राहिलो... सापडला नाही. अजून सापडलेला नाही.

"राहू दे," आई म्हणाली.