बारशाशिवाय टेबलावर नाही

सर गेले. मी हाताच्या अंतरावर उभी होते, तरी अजून खरं वाटत नाही. ऑपरेशनआधी हात धुता धुता ते उन्हाळ्याला शिव्या घालत होते, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून खाली बसले... बसले काय, कोसळलेच. असं कुणी जातं का? मला तर रागच येतो त्यांचा.

लहान मुलांच्या घशातल्या जन्मजात गाठी काढणं हे सरांचं काम, त्या मुलांना भूल देणं माझं. नवऱ्याशी भांडले नसेन इतकी मी त्यांच्याशी भांडले. एकदा पैठणकडची एक तान्ही आली. जिभेच्या मुळाशी पाण्याने भरलेली गाठ; उताणी ठेवली की श्वास अडायचा. भूल द्यावी तर गाठ श्वासनलिकेवर बसणार, नळी घालायला वाटच नाही. सरांनी विचारलं, "नाव काय हिचं?"

"बारसं नाय केलं साहेब," आजी म्हणाली. "आधी जगू तर द्या. नाव ठिवलं की लई जीव गुंततोय."

"मग उद्या भुलीतून काय हाक मारून उठवू हिला? बारशाशिवाय मी टेबलावर घेत नाही, आजी."

मी वैतागले. इथे श्वासाचा प्रश्न आणि यांना बारसं सुचतंय! पण सर हटले नाहीत. आत्या गावाकडे राहिलेली, म्हणून छावणी भागात राहणारी आमची सिस्टर आत्या झाली आणि बाळाच्या कानात कुर्र करून 'गोदावरी' म्हणाली. घुगऱ्यांऐवजी औरंगपुऱ्यातले फुटाणे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिला जागी ठेवूनच सरांनी सुईने गाठीतलं पाणी ओढलं, मग नळी गेली. गाठीची भिंतही पूर्ण काढली, नाहीतर ती पुन्हा भरते. शेवटी मी नळी काढली आणि गोदावरी श्वासच घेईना. निळी पडली. मी मास्कने हवा देतेय आणि सर तिच्या कानाशी वाकून, "गोदे, ए गोदे, ऊठ बाई!" ...ती रडली. गुण मास्कचा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यानंतर बिननावाचं मूल मीही कधी घेतलं नाही.

त्या दिवशी सरांची छाती दाबताना मी ओरडत होते, "सर! सर!" सिस्टरही तेच. वहिनी उस्मानपुऱ्यातून धावत आल्या आणि त्यांच्या पायाशी बसून "अहो... अहो, ऐका ना" म्हणत राहिल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्यापलीकडे कधी घेतलेलं नव्हतं. त्या खोलीत सरांना नावाने हाक मारणारं कुणीच नव्हतं. हे मला घरी गेल्यावर सुचलं, आणि मी ओट्याला धरून ढसाढसा रडले.

हल्ली हात धुताना शेजारचा नळ बंद असतो. आसपास कुणी नसलं की मी तिकडे बघून म्हणते, "दिगंबर, ऊठ बाबा."