कोऱ्या पानाखालची सही

माझी पोरगी बाक पुसत होती. स्वतःच्या बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन. दारात, आमच्या मुलांचे वर्ग जिथे भरायचे त्या शाळेच्या सुपरवायझर मॅडम उभ्या होत्या, हातात किल्ल्या. म्हणाल्या, "कोपरे पण पूस. सकाळी आमची मुलं बसतात इथे."

मी मागेच होते. आनंदनगरच्या एका कंपनीत मी पॅकिंगला आहे. पहिली पाळी संपवून पोरीला न्यायला आले होते, अंगावर अजून कंपनीचा ॲप्रन. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय बोलले? "पूस गं नीट." मी बोलले. तिची आई. प्रांजलनं वर पाहिलंच नाही. तिनं कोपरे पुसले.

आमची मराठी शाळा पाडून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पाडताना म्हणाले, दिवाळीपर्यंत नवी इमारत. मग म्हणाले, जूनमध्ये. मग कुणी काही म्हणेनाच. पत्र्यांच्या आड चार खांब आणि गंजलेल्या सळ्या. काम चालू आहे की बंद, हे आम्ही पत्र्याच्या फटीतून डोकावून बघायचं. मुलांना शिरगावकडच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत दुपारचे वर्ग दिले. मागच्या गेटनं आत जायचं. पाणी घरून आणायचं. मैदान नुसतं बघायचं. आणि सुटताना ज्याचा बाक त्यानं पुसून जायचं.

ज्या वर्गात दुपारी माझी प्रांजल बसते, त्याच वर्गात सकाळी माझ्या धाकट्या जावेची ओवी बसते. एका घरातल्या दोन पोरी, दोघी पाचवीत. एक पुढच्या गेटनं येते, एक मागच्या. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा. त्या दहा वर्षांच्या ओवीचासुद्धा. भिंतीवर तिचं चित्र लावलेलं होतं, खाली नाव. माझ्या पोरीचं नाव त्या वर्गात कुठेच नव्हतं. ते चित्र फाडावंसं वाटलेलं आहे मला.

पण सगळ्यांत जास्त जळले ती जावेच्या मोबाइलवर. त्यांच्या शाळेनं उन्हाळ्याच्या सुट्टीत वर एक मजला चढवला. दर शनिवारी शाळेकडून तिला मेसेज यायचा, फोटोसकट. ती मला कौतुकानं दाखवायची. "ताई, बघा, स्लॅब भरला." पुढच्या शनिवारी, "टाइल्स पण लागल्या, ताई." तिच्या मनात काही नसायचं. मी छान छान म्हणायचे आणि आत जाऊन भांडी आपटायचे. मजला झाला त्याचं एवढं नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगत होतं, घरबसल्या, न विचारता. आमच्याकडे दीड वर्षात एक चिठ्ठी आली नव्हती.

आता माझं ऐका. मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. दहावी पास, म्हणून सरांनी माझं नाव घातलं होतं. सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. झेंडावंदन झालं की बैठक. बैठक म्हणजे चहा, वेफर्स आणि सरांचं रजिस्टर. पान कोरं असायचं. आम्ही खाली सह्या करायच्या, वरचा मजकूर सर मागाहून सवडीनं लिहायचे. सगळ्यांना घरी जायची घाई, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला तर माझ्या सहीचा तोरा होता. पूर्ण नाव, वळणदार, पहिली सही माझी.

बाकाच्या त्या प्रकारानंतर मी रजा टाकली आणि सरांना घेऊन सरकारी बांधकाम खात्याच्या साहेबांकडे गेले. विचारलं, शाळा कधी होणार, आणि आम्हाला कुणी काही सांगत का नाही. साहेबांनी फाईल उघडली आणि एक झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली.

"पालकांना सांगितलंय की. ही तुमचीच सही ना?"

माझीच होती. आणि तिच्या वर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘इमारतीच्या कामास विलंब होत असल्याची माहिती पालकांना देण्यात आली. सध्याची व्यवस्था समाधानकारक आहे. पालकांची हरकत नाही.’ अशी तीन पानं. तीन झेंडावंदनांची.

"वाचून सही करायची ना, ताई," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, वरून असंच लिहायला सांगतात. मी त्यांना काय सुनावणार? कुठल्या तोंडानं बोलणार? माझ्या पोरीनं दुसऱ्यांचे बाक पुसायला माझी हरकत नव्हती. कागदावर नव्हती, आणि त्या दिवशी दारातही नव्हती.

सव्वीस जानेवारीला पत्र्यांसमोर झेंडावंदन झालं. चहा आला, रजिस्टर आलं. कोरं पान. सरांनी पेन नेहमीप्रमाणे आधी माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, "सर, आधी लिहा. मग सही."

"अहो, तुम्ही आपल्यातल्या. लिहितो ना नंतर."

मी रजिस्टर ओढून घेतलं आणि स्वतः लिहिलं. अक्षर वाकडं आलं. ‘शाळा कधी पूर्ण होणार हे आम्हाला कुणीही सांगितलेलं नाही. आमची हरकत आहे.’ खाली सही केली. समितीतल्या एकीनं माझ्याखाली सही केली. बाकीच्या चहा संपवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी पोरीच्या हातातला रुमाल काढून घेतला. मॅडमना विचारलं, "सकाळची मुलं पुसून जातात का?" त्यांनी सरांना फोन लावला. सर मला म्हणाले, अशानं ते वर्ग काढून घेतील. म्हटलं, तसं त्यांच्याकडून लेखी आणा.

इमारत अजून झालेली नाही. मी दर महिन्याला त्या साहेबांकडे जाऊन तारीख विचारते. जे उत्तर मिळेल ते तिथंच वहीत उतरवते आणि खाली त्यांची सही मागते. देत नाहीत. ‘सही दिली नाही’ असंही लिहिते.

हेवा गेलेला नाही. जावेचा मोबाइल वाजला की अजून पोटात दुखतं. दुखू दे, त्यानंच मला घराबाहेर काढलं. उद्या समितीतून माझं नाव काढतील, प्रांजल ही शाळा सोडून पुढे जाईल, तरी मी त्या पत्र्यांसमोर उभी राहून विचारणार. आणि माझ्या सहीच्या वरची जागा यापुढे मीच भरणार.