मधली सीट

शेअर रिक्षात मधली सीट कुणालाच नको असते. कोपर स्टेशनला माझ्या रिक्षात ती हट्टाने मागणारा एकच माणूस आहे. तिशी उलटलेला घोडा, पण कडेची जागा मिळाली तर चक्क खाली उतरतो आणि माझ्या पुढच्या फेरीची वाट बघतो. माझे दोन स्पीकर मागे डोक्याशी आहेत. मध्ये बसलं की दोन्ही कानांना सारखं वाजतं, एवढंच कारण.

घरी कॉम्प्युटरवर तो डीजेंसाठी नाचायचं म्युझिक बनवतो. परदेशात वाजतं म्हणे. पण पाठवण्याआधी मोबाईल जोडून ते पास करायचं माझ्या रिक्षात. "काका, तुमच्या या डब्यात नीट वाजलं ना, की कुठेही वाजेल." ही स्तुती की शिवी, मला अजून कळलेलं नाही.

परवा त्याच्या शेजारी बसलेली भाजीवाली आजी वैतागली. "बाला, किती ठोकतंस? डोका दुखला!" मला वाटलं, आता हा चिडणार. याने मोबाईलवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आजी येईपर्यंत माझ्या दोन फेऱ्या सोडल्या आणि तिला शेजारी बसवून बदललेला अख्खा ट्रॅक ऐकवला. संध्याकाळी तो पाठवायचा होता.

"आता बरा हाय," उतरता उतरता आजी म्हणाली. "पन गाना कदी चालू होनार?"

मी हसू दाबून आरशात बघितलं.  तो कडेला सरकला.

"आजी, मध्ये बसा. काका, परत फिरवा. पहिल्यापासून लावतो."