दोन वेळा ढकललेली व्हॅन

रामनाथशेठना कुलपांचा भारी सोस. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीला कुलूप, चिकूचे क्रेट ठेवायच्या पडवीला कुलूप, एवढंच काय, अंगणातल्या नळालाही त्यांनी एकदा साखळी घातली होती. किल्ल्यांचा जुडगा कायम कमरेला. त्याचा आवाज आला की वाडीत चिकू निवडणाऱ्या बायका गप्पा आवरत्या घेत. "आपल्याकडे चोर आला तर कुलपं उघडूनच दमेल बिचारा, त्याला जेवायला घालून पाठवावं लागेल," असं त्यांची बायको हिरकणी म्हणायची. शेठ हसायचे, पण कुलूप एक कमी करायचे नाहीत.

माणूस मात्र वाईट नव्हता. डहाणूबाहेरच्या त्यांच्या वाडीत लक्ष्या मिसरूड फुटायच्या आधीपासून कामाला होता. पाड्यावर कुणाला ताप चढला, कुणाचे दिवस भरले, की शेठची जुनी पांढरी व्हॅन दवाखान्याकडे धावायची. त्यामुळे लक्ष्याच्या मुलीचं, वर्षाचं, तलासरीच्या बाजूला लग्न जमत आलं आणि मुलाचं घर बघायला जायचा दिवस ठरला, तेव्हा शेठ चारचौघांत म्हणाले, "टमटममध्ये कोंबून जायचं नाही. माझ्या गाडीतून जायचं. सोयऱ्यांना कळू दे, लक्ष्याच्या मागे माणसं आहेत." लक्ष्याने हे पाड्यावर घरोघर सांगितलं. तलासरीलाही निरोप गेला की आम्ही शेठच्या गाडीने येतोय.

आदल्या संध्याकाळी लक्ष्या आणि त्याचे दोन पुतणे व्हॅन धुवायला आले. पुतणे बाहेर कुठे कंपनीत कामाला, शेठनी त्यांना फारसं पाहिलेलं नव्हतं. पोरांनी व्हॅन चकचकीत केली, पुढे झेंडूची माळ बांधली आणि मग अंगणातच मोबाईल बघत रेंगाळली. शेठ चष्मा घ्यायच्या निमित्ताने गाडीत डोकावले, काच वर केली, दार लावलं आणि आत जाऊन स्वस्थ झोपले.

सकाळी लक्ष्या, त्याची बायको काळी, म्हातारी आत्या गंगी आणि भाऊ लाहू असे सगळे नवे कपडे घालून गाडीत बसले. शेठनी चावी फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं, चालू काही होईना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. तेव्हा पुढच्यांना खाली उतरवून शेठनी सीट उचलली. बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या. दिवे लख्ख लागत होते, हॉर्न वाजत होता. पेट्रोलचा वास येत होता. प्लग काढला, रुमालाने पुसला, परत बसवला. व्हॅन ढिम्म.

"ढकलू या," लाहू म्हणाला. मग सगळेच उतरले. नव्या धोतरात लाहू, कोऱ्या लुगड्यात गंगी, आणि काळीने तर पदर खोचून खांदाच लावला. वाडीच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत ढकलली, वळवून परत ढकलली. व्हॅन एक आचका द्यायची आणि थांबायची. गंगीच्या लुगड्याला काळं वंगण लागलं. ती ते पुन्हा पुन्हा चोळत राहिली, त्यामुळे डाग आणखी पसरला.

शेठच्या कपाळाची शीर तटतटली होती. आपण एवढ्या तोऱ्यात बोललो आणि आता रस्त्यावरची माणसं थांबून बघतायत, हे त्यांना सोसवेना. राग कुणावर तरी निघायचाच, आणि तो नेहमीच्या ठिकाणी निघाला.

"लक्ष्या, काल पाणी कुठेकुठे मारलंत? सीट उचलली होती का तुझ्या पुतण्यांनी?"

"नाय शेठ."

"मग रात्रीत काय झालं हिला? काल संध्याकाळपर्यंत बरी होती. विचार त्यांना, आतलं काही काढलं का. भंगारात तांब्याच्या वायरलाही भाव येतो हल्ली."

काळीने खोचलेला पदर सोडला आणि ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. लाहूचीच ती पोरं. त्याने शेठकडे पाहिलंही नाही. समोरून येणारी टमटम त्याने हात करून थांबवली. "पावणे वाट बघत असतील," एवढंच म्हणाला, आणि बायकांना घेऊन गेला. लक्ष्या मात्र थांबला. शेठना एकटं टाकून जाणं त्याला जमलं नसावं.

मग शेठनी चारोटीच्या नविन नावाच्या मेकॅनिकला फोन लावला. नविनने डॉक्टरासारखे प्रश्न विचारले. सेल्फ फिरतोय? पेट्रोल आहे? मग प्लगला करंट जात नाही. पुढे जरा थांबून म्हणाला, "काका, तो चोर-स्विच बघितलात का? मीच नव्हता का बसवून दिला, चारोटीला गाडी उभी करताना तुम्हाला धाकधूक वाटायची म्हणून."

शेठनी फोन खाली घेतला. डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, हाताने चाचपल्याशिवाय सापडणार नाही असा तो स्विच. बंद केला की गाडी कुणाच्या बापालाही चालू होत नाही. घरच्या अंगणात तो त्यांनी कधी बंद केला नव्हता. काल केला होता. चष्मा घ्यायच्या निमित्ताने, अंगणातल्या त्या दोन पोरांकडे बघत. आणि सकाळी विसरले होते.

त्यांनी वाकून स्विच दाबला, चावी फिरवली. व्हॅन पहिल्याच झटक्यात चालू झाली. त्यांनी वर पाहिलं. लक्ष्याला कसलंच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

लक्ष्याला शेजारी बसवून शेठ निघाले, चारोटी मागे पडली. मग शेठनी विचारलंच.

"तुला ठाऊक होतं?"

"काल मी पुढची काच पुसत होतो शेठ. तुमचा हात दिसला."

"मग सकाळी बोलला का नाहीस? सगळ्यांना उन्हात ढकलायला लावलंस."

लक्ष्या हायवेकडे बघत म्हणाला, "बोललो असतो तर तुमी इचारलं असतं, तुला कसं ठाव. मग पोरांचं नाव निघायचं ते माझं निघालं असतं."

 ते खरं होतं. त्यांनी नेमकं तेच विचारलं असतं, अगदी त्याच आवाजात. इतक्या वर्षांत हा माणूस आपल्याला असा ओळखून आहे, आणि तरीही रोज सकाळी पंपाच्या खोलीची किल्ली मागायला हसत येतो, या विचाराने त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हिरकणीला हे कधीच सांगता येणार नाही, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

तलासरीला पोचले तेव्हा पोहे होऊन गेले होते. मुलाचे वडील चिमण पुढे आले. लाहू कोपऱ्यात बसला होता. तो आता सगळं सांगणार, असं वाटून शेठ दारातच थबकले. पण लक्ष्याच आधी बोलला. "हे आमचे शेठ. बॅटरी बसली गाडीची, जुनी झाली ना. तरी सोडून दिलं नाय, आलेच." लाहूने भावाकडे पाहिलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. चिमणने शेठना खाटेवर वरच्या बाजूला बसवलं. मुलगा चांगला होता, घर नीटनेटकं होतं. सगळं गोडीत झालं. शेठचा चहा मात्र कपातच निवला.

निघायची वेळ झाली तसा चिमण म्हणाला, "बॅटरीचा भरवसा नाय. आमी ढकलतो. शेठ, तुमी नुसते बसा."

शेठ उभेच राहिले. बॅटरी ठणठणीत आहे, हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. ज्या घरी मुलगी द्यायची, त्या घराला कळलं असतं की लक्ष्याच्या माणसांपासून शेठ गाडी जपून ठेवतात. ते गाडीत बसले. चिमण, त्याचा मुलगा आणि शेजारचे दोघे मागे लागले. आरशात शेठना लक्ष्याही दिसला, खांदा लावून, खाली मान घालून, मनापासून ढकलताना. चावी नुसती फिरवली असती तर काम झालं असतं. शेठ हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि अंगणाच्या टोकापर्यंत त्यांनी स्वतःला ढकलत नेऊ दिलं. मग चावी अर्धी फिरवून क्लच सोडला. व्हॅन चालू झाली, मागे माणसं आनंदाने ओरडली, आणि शेठचे डोळे भरून आले.

बायका धावत येऊन मागे बसल्या. लक्ष्या पुढे, शेठच्या शेजारी बसला. जागा ऐसपैस होती, तरी तलासरीपासून वाडीपर्यंत त्याने दोन्ही पाय आखडून दाराशी धरले होते, स्विचला चुकूनही गुडघा लागू नये म्हणून.