कांचनाच्या दुकानातलं क्रीम

ऊर्मिला साळवीला जर्मनीत पहिली नोकरी मिळाली ती एका थाई बाईच्या दुकानात. नवरा हृषिकेश झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी इरा पाच वर्षांची. साल २०१६. पुण्यात ऊर्मिला बँकेत होती, पण इथे जर्मन जेमतेम, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मिनीजॉब, म्हणजे थोड्या तासांची, थोड्या पगाराची नोकरी. तांदळाची पोती लावायची, नारळाच्या दुधाचे डबे रचायचे.

मालकिणीचं नाव कांचना. नाव आपल्याकडचं वाटतं, पण बाई थायलंडच्या ईशान्येची, इसान भागातली. तिचे हात ऊर्मिलाच्या हातांसारखेच सावळे होते. चेहरा आणि मान मात्र पिठाचा हात फिरवल्यासारखी पांढुरकी. गल्ल्यावर ती स्वतः बसायची, नाहीतर तिची गोरीपान भाची. ऊर्मिलाला तिने तिथे कधी बसवलं नाही. जर्मन येत नाही ना, असं कारण सांगायची. जर्मन भाचीलाही येत नव्हतं, हे ऊर्मिलाने पहिल्याच आठवड्यात ताडलं.

रंगाच्या बाबतीत ऊर्मिलाचे कान कायम टवकारलेले असत. बघण्याच्या कार्यक्रमानंतर सासूबाई, प्रभाताई, आतल्या खोलीत म्हणाल्या होत्या, "मुलगी हुशार आहे. रंगाचं चालवून घेऊ." ते दाराआडून तिच्या कानावर पडलं होतं. पुढे इरा जन्मली तेव्हा सासूबाईंनी आधी बाळाच्या कानाच्या पाळ्या निरखल्या. मूल पुढे कुठल्या रंगाचं होणार ते पाळ्यांवरून कळतं म्हणे. ऊर्मिला यातलं काहीच विसरली नव्हती.

त्या उन्हाळ्यात प्रभाताई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या. एकदा कढीपत्ता घ्यायला दुकानात आल्या आणि गल्ल्यामागच्या फळीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. तिथे क्रीमच्या छोट्या डब्या होत्या. डबीवर एका मुलीचा चेहरा, अर्धा सावळा, अर्धा दुधासारखा. कांचना त्यांना खाणाखुणांनी काहीतरी समजावत होती. ऊर्मिला खोकं घेऊन आतून आली, तशा प्रभाताई कढीपत्त्याकडे वळल्या.

काही आठवड्यांनी इराच्या बोटांना एक वास येऊ लागला, गोडसर, उग्र. आंघोळ घालताना इराने गुडघा पुढे करून जर्मनमध्ये विचारलं, हा पांढरा होईल का? कोणी सांगितलं तुला, असं ऊर्मिलाने विचारलं.

"डास इस्ट गेहाइम," इरा म्हणाली. ते गुपित आहे.

त्या दिवसापासून ऊर्मिला रोज इराचे गाल हुंगून बघू लागली. आजी-नात खोलीचं दार लावून बसल्या की हिचं कामात लक्ष लागेना. सासूबाईंच्या सामानात हात घालायचं धाडस होत नव्हतं. हृषिकेशशी बोलली, तर तो म्हणाला की तू आईवर उगाच संशय घेतेस. तो हे फारच चटकन म्हणाला, म्हणून तिला त्याचाही संशय आला.

सासूबाईंची झोप उडाली होती. बारीकसारीक गोष्टींवरून चिडत. चहाचा कप हातात थरथरे. मनात काहीतरी असणार, तेच त्यांना खातंय, असा अर्थ ऊर्मिलाने लावला.

एका दुपारी ती कामावरून लवकर निघाली. आवाज न करता घरात शिरली आणि खोलीचं दार ढकललं. प्रभाताई डोळे मिटून पलंगावर बसल्या होत्या. इरा स्टुलावर उभी राहून दोन बोटांनी आजीच्या गालांवर, कपाळावर, मानेवर क्रीम लावत होती. चित्र रंगवावं इतकं मन लावून.

इराला हात धुवायला पाठवून ऊर्मिलाने विचारलं, "आई, हे तुम्ही तिलाही लावता?"

"तिला कशाला लावू? माझ्यासाठी आणलंय. मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, म्हणून ती लावून देते."

मग त्या हळूहळू बोलत राहिल्या. सासरी त्यांना कोणी नावाने हाक मारली नव्हती, सगळे 'काळी' म्हणत. हळदीकुंकवाला बायका आल्या की त्यांना स्वयंपाकघरातच थांबवत. नवऱ्याने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. इथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. म्हणून एकदा करून बघावंसं वाटलं.

"मग माझ्या वेळी 'रंगाचं चालवून घेऊ' असं का म्हणालात?"

"ऐकलंस होय तू?" त्या खाली बघून म्हणाल्या. "त्या घरात पहिल्यांदा मला कोणी काही विचारत होतं. मी त्यांच्यासारखंच बोलले."

तेवढ्यात त्यांच्या हाताची थरथर पुन्हा ऊर्मिलाच्या नजरेत आली. या वेळी तिला क्रीमचाच संशय आला आणि तिने डबी उचलून पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी आजी-नात दोघींना डॉक्टरकडे नेलं. तपासणीत सासूबाईंच्या लघवीत पारा सापडला. मूत्रपिंडाला धक्का लागायला सुरुवात झाली होती. थोडासा पारा इराच्याही शरीरात होता.

ऊर्मिलाने कांचनाला हे सगळं सांगितलं. कांचना आपल्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, बँकॉकच्या मोठ्या दुकानात मला कायम गोदामात ठेवलं. काउंटर गोऱ्या मुलींसाठी. हे क्रीम मी स्वतः लावते, मला काही झालं नाही.

"म्हणून मलाही मागेच ठेवलंस?"

"माझी गिऱ्हाइकं थाई आहेत," कांचना म्हणाली. "त्यांना समोर असाच चेहरा लागतो."

तरी डब्या काढून टाकायचं तिने कबूल केलं. फळी रिकामी झाली. पण ऊर्मिलाचा विश्वास बसेना, म्हणून एकदा मागच्या खोलीत नूडल्सची खोकी तिने सरकवून पाहिली. डब्या तिथे होत्या, पूर्वीपेक्षा जास्तच. तिने एक उचलली आणि सौंदर्यप्रसाधनं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत नेऊन दिली. देताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि दिल्यावर सुटल्यासारखंही वाटलं.

कचेरीतली माणसं आली, माल घेऊन गेली. कोणी कळवलं, असं कांचनाने एकदाही विचारलं नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाली.

प्रभाताई औषधांनी बऱ्या होऊन नाशिकला परतल्या. महिन्याभराने फोनवर बोलता बोलता म्हणाल्या, भिशीतल्या बायका विचारत होत्या, प्रभा, जर्मनीत काय लावलंस गं, एवढी उजळलीस? त्यांनी सगळं खरं सांगितलं म्हणे, पाऱ्याचंसुद्धा. तरी एकीने क्रीमचं नाव विचारलंच.

"आणि तुम्ही सांगितलंत?"

इरा काय करतेय, असं त्यांनी आधी विचारलं, मग उत्तर दिलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "कशाला सांगू?"

ऊर्मिलाने बरं म्हणून फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि खात्री करून घ्यायला भिशीतल्या कोणाचा नंबर आपल्याकडे आहे का ते शोधू लागली.